आईचे डोळे तपासणारी मुलगी

‘ते पुस्तक वाचल्यापासून मुलगी एकटी झोपत नाही. पुस्तक घरातून काढून टाकले, तर ती पूर्ववत होईल ना?’ हा प्रश्न मुलांची समुपदेशक म्हणून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की तो संपण्याआधीच पुस्तक एव्हाना कुठे गेले असेल याचा मला अंदाज येतो. बहुतेक घरांत ते माळ्यावर गेलेले असते, काही घरांत रद्दीत, आणि एका घरात तर ते देवघराखालच्या कप्प्यात, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलेले निघाले होते. विचारणारे आईवडील वाचनाचे विरोधक नसतात. मुलाने वाचावे म्हणून त्यांनीच वाढदिवसाला पुस्तके दिलेली असतात. वाचलेले मुलाच्या आत जाऊन काही उलथापालथ करू शकते, ही गोष्ट मात्र त्यांना अनपेक्षित असते.

या प्रश्नाला मी आज जे उत्तर देते, ते मला पुण्यातल्या एका पाचवीतल्या मुलीकडून मिळाले. तिचे नाव इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ-नऊ भेटींतले मोजकेच संवाद उतरवले आहेत.

पुस्तक होते नील गेमन या ब्रिटिश लेखकाची ‘कोरलाइन’ ही २००२ साली प्रसिद्ध झालेली छोटी कादंबरी. पुढचे सारे तिच्यावरच उभे असल्यामुळे कथा थोडक्यात सांगते. कोरलाइन नावाची मुलगी एका जुन्या, मोठ्या घराच्या एका भागात आईवडिलांसह नव्याने राहायला आली आहे. आईवडील दोघेही घरीच संगणकावर काम करतात. ते प्रेमळ आहेत, पण त्यांना वेळ नाही. घरात एक दार आहे, जे उघडले की मागे नुसती विटांची भिंत दिसते. एके दिवशी भिंतीच्या जागी बोळ असतो आणि त्याच्या पलीकडे तसेच घर, तशाच खोल्या आणि आईसारखीच दिसणारी एक बाई. ही ‘दुसरी आई’ चविष्ट जेवण करते, मुलीकडे पूर्ण लक्ष देते, तिला रिझवते. फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत. इथे कायमचे राहायचे असेल, तर मुलीनेही डोळ्यांवर तशी बटणे शिवून घ्यावीत, एवढीच तिची अट असते. मुलगी नकार देऊन घरी परतते, तेव्हा तिचे खरे आईवडील नाहीसे झालेले असतात, आणि पुढे ते तिला आरशात अडकलेले दिसतात.

माझ्याकडे आलेल्या मुलीच्या आईने या कथेवरचा २००९ सालचा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता आणि हे मुलांचे काहीतरी गमतीदार असावे, अशा समजुतीने मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला पुस्तक आणले होते. चित्रपटात नायिकेच्या सोबतीला एक मुलगा घातलेला आहे. पुस्तकात तो नाही. तिथे एक उद्धट मांजर सोडले, तर ती मुलगी एकटीच आहे. वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे.

आईने पहिल्या भेटीत जे सांगितले ते असे. मुलगी रात्री आईला चष्मा काढायला लावते, मोबाइलचा दिवा लावून तिच्या डोळ्यांत निरखून पाहते आणि मगच आडवी होते. तासाभराने उठून पुन्हा तेच करते. आजीचा बटणांचा डबा तिने जिन्याखाली, जुन्या कुंड्यांच्या मागे नेऊन लपवला होता. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी पुस्तक काढून घेऊन माळ्यावर टाकले आणि ‘हे सगळं खोटं असतं, एवढी मोठी झालीस आणि घाबरतेस काय’ अशी समजूत घातली. आईने अधिक कष्ट घेतले. तिने दोन आठवडे रजा टाकली, लॅपटॉप कपाटात ठेवला, रोज मुलीच्या आवडीचे पदार्थ केले, संध्याकाळभर तिच्याशी पत्ते खेळली. मुलगी मात्र आणखी बिघडली. आईने वाढलेले ताट ती बाजूला सारू लागली. ‘मी आणखी काय करायचं राहिलंय, मॅडम?’ असे विचारताना आईच्या डोळ्यांत पाणी होते.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले, हे मान्य केले पाहिजे. पुस्तकात आईवडील नाहीसे होतात, तेव्हा हिला आईवडील गमावण्याची भीती बसली असणार, असा सरळ हिशेब मी केला आणि त्या दिशेने बोलत राहिले. आईवडील कुठेही गेले तरी परत येतात, ही खात्री तिला चित्रांतून, गोष्टींतून देण्याचा प्रयत्न केला. मुलीने मी सांगितली ती चित्रे काढली, शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी जाऊन रात्री पुन्हा आईच्या डोळ्यांवर दिवा धरला. अतिशय समजूतदार मुले समुपदेशकाला अशी हातोहात फसवतात, आणि आपण फसलो हे आपल्याला फार उशिरा कळते.

तिसऱ्या भेटीत मी चित्रे बाजूला ठेवली आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला.

‘तू कुठपर्यंत वाचलंस?’

‘आईबाबा हरवतात ना, त्याच्या थोडं पुढपर्यंत. मग बाबाने पुस्तक घेतलं.’

‘म्हणजे ते सापडतात की नाही, तुला ठाऊकच नाही?’

तिने नकारार्थी मान हलवली.

‘रात्री झोपताना त्यातलं काय आठवतं?’

‘ती पोलिसांना फोन करते ते. पोलीस म्हणतात, तुला वाईट स्वप्न पडलं असेल, आईला सांग गरम चॉकलेट करून दे आणि जवळ घे. पण मावशी, तिची आईच तर नसते!’

मी वहीत काही लिहिण्याचे थांबले. त्या पोलिसाने कोरलाइनला जे सांगितले, तेच वडिलांनी, आईने आणि दोन भेटींत मीही या मुलीला सांगत आलो होतो. तिची अडचण नेमकी काय आहे हे न विचारता आम्ही तिघांनी तिला आईकडे परत पाठवले होते, आणि अडचण तर तिथेच होती.

‘घरी आई आता कशी वागते?’

‘छान.’ थोडा वेळ गेला. ‘खूपच छान.’

‘आणि ते तुला आवडत नाही?’

‘आधी ती अशी नव्हती.’

यानंतर ती बराच वेळ खुर्चीच्या कडेचा निघालेला धागा ओढत राहिली. नव्याने काम सुरू केले तेव्हा अशी शांतता मला सहन होत नसे आणि मी काहीतरी बोलून ती मोडत असे. एवढ्या वर्षांत मला एखादी गोष्ट खरोखर साधली असेल, तर ती म्हणजे अशा वेळी गप्प बसणे. शेवटी तीच बोलली, आणि तेही खिडकीकडे पाहत.

‘कुणी मागितली तर ती येते का?’

‘कोण?’

‘दुसरी आई.’

‘कुणी मागितली होती?’

‘मी.’

मग सारे भडाभडा बाहेर आले. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी तिचा विज्ञानाचा प्रकल्प होता. आई परदेशातल्या कार्यालयाशी कॉलवर होती. मुलगी तक्ता घेऊन दाराशी उभी राहिली, तेव्हा आईने तिच्याकडे न पाहताच हाताने ‘थांब’ अशी खूण केली. असे दोनदा झाले. मुलगी गॅलरीत गेली आणि कठड्याशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, ‘मला दुसरी आई हवी.’ आठ दिवसांनी त्याच आईने कागदात गुंडाळून तिच्या हातात जे पुस्तक ठेवले, त्यात एका मुलीला नेमकी ‘दुसरी आई’ भेटते, आणि तिच्यामुळे खरी आई नाहीशी होते. पुस्तक माळ्यावर गेले आणि पुढच्याच दिवसापासून घरातली आई बदलली. ती ओरडेनाशी झाली, लॅपटॉप उघडेनाशी झाली, रोज गोडधोड करू लागली. आता त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आईचे डोळे तपासल्याशिवाय तुम्हाला तरी झोप लागली असती का?

आपल्याकडे ‘दुसरी आई’ म्हटले की सावत्र आई डोळ्यांसमोर येते, आणि गोष्टीतली सावत्र आई पहिल्या वाक्यातच ओळखू येते, कारण ती राबवून घेते, शिळे वाढते. बालमानसशास्त्रावर लिहिणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली परीकथांवर लिहिलेल्या पुस्तकात तिच्याविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. त्यांच्या इतर कामावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण हे निरीक्षण मला आजही पटते. त्यांच्या मते गोष्टीतली दुष्ट सावत्र आई मुलाची मोठी सोय करते, कारण आपल्या आईवरचा सगळा राग त्याला तिच्यावर काढता येतो आणि खरी आई मनात चांगलीच राहते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण रंगमंचावर आली की मुले आनंदाने किंचाळतात, त्याचेही कारण मला असेच दिसते. चेटकीण चेटकिणीसारखीच दिसते, आणि आई शेजारच्या खुर्चीत सुरक्षित बसलेली असते.

‘कोरलाइन’ ही सोय काढून घेते. इथली चेटकीण आईसारखीच दिसते आणि आईपेक्षा गोड वागते. राग काढायला जागा उरत नाही. उरते ती फक्त मुलाची स्वतःची इच्छा, जी त्याने कुणालाही सांगितलेली नसते. अशा कथांमुळे अंगावर येणारा शहारा भुताच्या कथेपेक्षा वेगळा का असतो, याचा शोध सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली एका निबंधात घेतला होता. या अनुभवासाठीच्या जर्मन शब्दाच्या पोटातच ‘घर’ दडलेले आहे, हे त्यांनी दाखवले, आणि उदाहरण म्हणून जी कथा घेतली ती जर्मन लेखक होफमान यांची ‘सँडमॅन’, मुलांचे डोळे काढून नेणाऱ्याची. म्हणजे डोळे, घर आणि ओळखीचेच काहीतरी अनोळखी होणे, ही गुंफण जुनी आहे. फ्रॉइड यांच्या सगळ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही. पण परकी गोष्ट मुलाला फार काळ छळत नाही. छळते ती ओळखीची गोष्ट, हे माझ्या खोलीत मी वारंवार पाहिले आहे. म्हणून पुस्तकामुळे घाबरलेले मूल आले, की पुस्तकात काय भीतीदायक आहे हे मी फारसे विचारत नाही. त्यात मुलाला काय ओळखीचे वाटले, हे शोधते.

त्या दुपारी मी मुलीला ‘असं कधी होत नसतं’ असे सांगितले नाही. मी म्हणाले, ‘मी नऊ वर्षांची होते, तेव्हा मला शेजारच्या काकू आई म्हणून हव्या होत्या. त्या कधी रागवत नसत आणि त्यांच्याकडे रोज दुपारी काहीतरी खायला असे.’

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. ‘मग तुमची आई गेली?’

‘नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच माझ्या वेण्या घातल्या. नेहमीसारख्या, डोकं दुखेपर्यंत घट्ट.’

ती हसली. मग ‘काकूंना कळलं का?’, ‘तुम्ही आईला सांगितलंत का?’ असे प्रश्न एकामागून एक आले. आपण मनात आणले म्हणून आई नाहीशी होत नाही, हे तिला मी पटवून दिले असे मला वाटत नाही. तिने ते माझ्या घट्ट वेण्यांवरून स्वतःच ताडले.

खरे अवघड काम आईबरोबरचे होते. मुलीच्या परवानगीने मी तिला ही हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘म्हणजे मी लक्ष दिलं नाही तेव्हाही चुकले, आणि दिलं तेव्हाही चुकले.’ या वाक्याला घाईघाईने ‘नाही, नाही’ म्हणण्याचा मोह मी आवरला. डोनाल्ड विनिकॉट हे मूळचे बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाले. माझ्या कामावर त्यांचा प्रभाव सर्वांत जास्त आहे. मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, ‘पुरेशी चांगली’ आई लागते, हे त्यांचे म्हणणे अनेकांना ठाऊक असते. त्याचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. आई हळूहळू, मुलाला झेपेल इतपत कमी पडत जाते, आणि त्या कमी पडण्यातूनच मुलाला कळते की आई हे एक वेगळे, स्वतंत्र माणूस आहे. जिची प्रत्येक कृती माझ्याच इच्छेप्रमाणे होते, ती आई असते की माझ्या इच्छेचीच सावली? ‘कोरलाइन’मधली दुसरी आई नेमकी अशी आहे, आणि म्हणूनच तिला डोळे नाहीत, असे मला वाटते. ती मुलीकडे पाहतच नाही. तिला फक्त मुलगी हवी आहे.

मी त्या आईला एवढेच सुचवले, की रजा संपवावी, लॅपटॉप उघडावा, कंटाळा आला तर कंटाळल्यासारखे दिसावे, आणि हाताने ‘थांब’ म्हणायचे असेल तर आधी मुलीकडे पाहून म्हणावे. शेवटची सूचना तिला लहान वाटली. माझ्या मते सगळ्यांत मोठी तीच होती.

पुस्तक माळ्यावरून खाली काढण्याला वडिलांचा विरोध होता, आणि तो अनाकलनीय नव्हता. ज्याने मुलगी आजारी पडली तेच तिला पुन्हा द्यायचे, हे कोणत्या बापाला पटेल? पण मुलीची कथा सर्वांत भयंकर जागी तोडलेली होती. ज्या पानावर पुस्तक तिच्या हातून गेले, त्याच्या पुढच्याच काही पानांत कोरलाइन मांजराला आपल्या वडिलांची एक आठवण सांगते. गांधीलमाश्या उठल्या, तेव्हा वडिलांनी मुलीला पळायला सांगितले आणि स्वतः डंख सोसत मागे थांबले. ते धैर्य नव्हते, त्या क्षणी दुसरे काही करण्याजोगे नव्हतेच, असे ती म्हणते. नंतर पडलेला चष्मा आणायला, माश्या तिथे आहेत हे ठाऊक असताना, घाबरत घाबरत ते परत गेले. धैर्य होते ते तिथे. आणि मग ती त्या बोळातून आईवडिलांना शोधायला परत जाते. आमच्या मुलीला हे कुठे ठाऊक होते? तिच्या कथेत आईवडील महिनाभर आरशाच्या आत अडकून पडले होते आणि त्यांना आणायला कुणीही निघालेले नव्हते.

मी वडिलांना हा गांधीलमाश्यांचा प्रसंग सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या भेटीला पुस्तक घेऊन स्वतः आले.

उरलेला भाग मुलीने घरी, दुपारच्या उजेडात, आईबरोबर आळीपाळीने मोठ्याने वाचला. एका जागी, बोळापलीकडच्या घरात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारी म्हाताऱ्याची हुबेहूब प्रतिकृती कोरलाइनला हवे ते सगळे देऊ करते, आणि ती उत्तर देते की हवे ते सगळे कुणालाच खरोखर नको असते, सगळेच मिळाले तर त्यात मजा कसली. मुलीने तो परिच्छेद आईला दोनदा वाचायला लावला. पुढे कोरलाइन आईवडिलांना सोडवून आणते, आणि त्यांना घडलेल्यातले काहीही आठवत नाही. या गोष्टीचा मुलीला फार आनंद झाला. आईला सारे ठाऊक असलेच पाहिजे असे नाही, हा दिलासा तिला माझ्याकडून कधीच मिळाला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मुले अशा पुस्तकाकडे साहस म्हणून पाहतात आणि वाईट स्वप्ने मोठ्यांना पडतात, असे या कादंबरीविषयी तिचा लेखक सांगत आला आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरेही आहे. आपणही लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघाने वाटेत गाठल्याची गोष्ट ऐकतच मोठे झालो, आणि ‘तुला खातो’ हे शब्द ऐकून आपल्यापैकी कुणाचे काही बिघडले नाही. पण ज्या मुलाचे बिघडते, त्याला ‘सगळे खोटे आहे’ असे सांगून उपयोग होत नाही. पुस्तक खोटे आहे हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. त्याची भीती खरी असते, आणि ती खोटी ठरवली की ते ती सांगायचे थांबते. पुस्तक हिसकावले तर कथा मध्येच तुटते, आणि शेवट मूल स्वतः रचते. तो लेखकाने लिहिलेल्या शेवटापेक्षा नेहमीच भयंकर असतो. त्याऐवजी कुठल्या पानावर थांबलास, हे विचारावे. ते पान स्वतः वाचावे, आणि मुलाला आपण वाचले आहे हे कळू द्यावे. पुढे वाचायचे की नाही, हे मात्र त्याने ठरवावे. नको म्हणाले, तर पुस्तक त्याला दिसेल अशा जागी पण मिटून ठेवावे. माळ्यावर टाकलेले पुस्तक रात्री वाढत जाते, असे एका मुलानेच मला सांगितले आहे.

याला मर्यादाही आहे. चार-सहा आठवड्यांनंतरही झोप परतली नाही, मूल शाळेत जायला नकार देऊ लागले, जेवण सुटले, किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलू लागले, तर पुस्तकावरची चर्चा बाजूला ठेवून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. शेवटच्या लक्षणासाठी तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी पुस्तक हे बहुधा निमित्त असते, आणि कारण घरात, शाळेत किंवा मुलाच्या शरीरात शोधावे लागते.

ती मुलगी शेवटच्या भेटीला आली, तेव्हा तिच्या गणवेशाच्या बाहीला एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेले होते. आजीचा डबा जिन्याखालून परत आणून तिने ते स्वतः लावले होते. आईचे डोळे आता तपासतेस का, असे मी विचारले, तर म्हणाली, ‘कधीकधी. पण आता दिवा नाही लावत.’ काल आईने पोहे खारट केले होते आणि ऑफिसचा फोन आल्यावर ती बाबावर उगाच चिडली, हेही तिने मोठ्या समाधानाने सांगितले.

‘आणि पुस्तक कुठे आहे?’

‘बाबाच्या उशाशी. तो रोज चारच पानं वाचतो आणि मग उठून दाराची कडी बघून येतो.’ ती माझ्या टेबलावरून पुढे झुकली. ‘तो अजून विहिरीपर्यंत पोचला नाहीये. तुम्ही भेटलात तर त्याला शेवट सांगू नका हं, मावशी.’